सांवलींत वाढणारा ठेंगणा वेळू

वेळू म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें उंच, दाट व वाऱ्याबरोबर कुरकुरणारें बेट उभें राहतें. कोंकणांतील माणगा, रानांतील मानवेल, नदीकांठचा कांटेरी कळक हे वेळू आपल्या नित्य परिचयाचे आहेत. मांडवाचे खांब, घराची शिडी, बुरुडाचीं सुपें व टोपल्या ह्या सर्वांसाठीं आपण त्यांचे ऋणी आहों. परंतु ह्याच कुळांत गुडघ्याएवढा, फार तर कमरेएवढा वाढणारा, कडक उन्हास भिणारा आणि मोठ्या वृक्षांच्या छायेंत सुखानें नांदणारा असाही एक वर्ग आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

ह्या विषयाकडे आमचें लक्ष वेधण्यास एका विद्यार्थ्याचा प्रश्न कारण झाला. "सर, शाळेच्या मागच्या भिंतीशीं झाडाखालीं ऊन कधींच येत नाहीं. तेथें गवतसुद्धां धरत नाहीं. मग तेथें काय लावावें?" असें त्यानें विचारलें. त्या वेळीं आम्हीं जें उत्तर दिलें तें अपुरें होतें. तें आतां पुरें करावें, आणि त्यांत आमच्या हातून पूर्वीं घडलेली एक चूकही सांगावी, अशा हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, वेळू हा वृक्ष नव्हे. तें गवत आहे. गहूं, ज्वारी, ऊंस आणि अंगणांतील हरळी हीं सर्व त्याचीं सगोत्र भावंडें होत. वेळूचा कोंब जमिनींतून वर येतो तेव्हांच त्याची जाडी ठरलेली असते. पुढें कितीही वर्षें गेलीं तरी तो जाड होत नाहीं. उंचीही तो पहिल्याच हंगामांत गांठतो. आंब्याचें रोप वर्षानुवर्षें लठ्ठ होत जातें तसें वेळूचें होत नाहीं. वेळूचें बेट जोर धरतें तें नवे कोंब अधिकाधिक जाड व उंच निघत गेल्यामुळें. जुने सोट वाढल्यामुळें नव्हे.

जपानी लोक वेळूचे ढोबळ मानानें दोन वर्ग करतात. कोंब वाढून पुरा झाल्यावर ज्याच्या पेऱ्यांवरील वेष्टनें गळून पडतात त्यास ते 'ताके' म्हणतात, आणि ज्याचीं वेष्टनें खोडास तशींच चिकटून राहतात त्यास 'सासा' म्हणतात. ताके बहुधा उंच, तर सासा बहुधा ठेंगणा असतो. सासांपैकीं बागेंत सर्वांत प्रसिद्धि पावलेला म्हणजे 'कुमाझासा' होय. शास्त्रीय भाषेंत त्यास सासा वीचिआय असें म्हणतात. ह्याची उंची दोन ते चार फूट, खोड बोरूएवढें बारीक, आणि प्रत्येक पेऱ्यावर बहुधा एकच फांदी. पान मात्र देहाच्या मानानें फारच मोठें असतें. सुमारें आठ-दहा इंच लांब व दोन इंचांहून अधिक रुंद असें तें गर्द हिरवें पान पाहून कोणासही आपल्या हळदीच्या किंवा कर्दळीच्या पानाची आठवण व्हावी.

ह्या वेळूची खरी शोभा हिंवाळ्यांत दिसते. थंडी पडूं लागली कीं पानाची कड सुकून पिवळसर पांढरी होते आणि मधला भाग हिरवाच राहतो. जणूं हिरव्या लुगड्यास पांढरा कांठ लावला आहे. 'कुमा' ह्या जपानी शब्दाचा एक अर्थ अस्वल असा असल्यामुळें कित्येक लोक ह्यास अस्वलाचा वेळू समजतात. पण येथें 'कुमा' म्हणजे कडेची रेखा. अस्वलाचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं.

आतां सांवलीचें कारण पाहूं. झाडाचें पान म्हणजे त्याचें स्वयंपाकघर आणि सूर्यप्रकाश म्हणजे त्या घरची चूल. मोठ्या वृक्षांखालीं जो प्रकाश झिरपून येतो तो अगदीं थोडा असतो. तो थोडा प्रकाश वांया जाऊं नये म्हणून छायेंतील वनस्पतींचीं पानें रुंद व पातळ होतात. कुमाझासाचें पान असेंच आहे. पण जें पान मंद प्रकाश गोळा करण्यास योग्य, तेंच भर दुपारच्या उन्हांत उणें पडतें, कारण एवढ्या मोठ्या पृष्ठभागांतून पाणी भराभर उडून जातें. तहान लागली म्हणजे हें पान लांबीच्या अंगानें सुरळीसारखें गुंडाळून घेतें. माळ्यास ही खूण पुरेशी असावी.

जपानांतील डोंगरी अरण्यांत सासांचीं अनेक कुळें उंच वृक्षांखालीं मैलोगणती पसरलेलीं आहेत. कोठें कोठें तीं इतकीं दाट असतात कीं वृक्षांचें बीं खालीं पडून रुजलें तरी त्या रोपांस प्रकाशच मिळत नाहीं, आणि तीं मरून जातात. अरण्य म्हातारें होत जातें, पण त्यास नातवंडें होत नाहींत. हा कोंडमारा केव्हां सुटतो? वेळू फुलतो तेव्हां. अनेक जातींचे वेळू दीर्घकाळ न फुलतां राहतात, मग एका प्रदेशांतील सारे एकदम फुलतात, बीं धरतात व मरून जातात. हाचिकु नांवाचा जपानी वेळू सन १९०८ च्या सुमारास फुलला, तो पुनः सन २०२० च्या सुमारास फुलूं लागला. मध्यंतरीं माणसांच्या चार पिढ्या होऊन गेल्या. सन १९९५ मध्यें उत्तर जपानांतील तोवादा सरोवराच्या परिसरांत चिशिमाझासा हा कुमाझासाचा थोरला भाऊ मोठ्या क्षेत्रावर असाच फुलून मेला. त्या मोकळ्या झालेल्या भूमीवर बीच वृक्षांच्या रोपांस प्रकाश मिळाला व तीं वाढूं लागलीं. आपल्या देशांतही मिझोरामच्या डोंगरांवरील वेळू सुमारें अठ्ठेचाळीस वर्षांनीं असाच फुलतो. सन १९५९ मध्यें व पुनः सन २००६ ते २००८ च्या दरम्यान तो फुलला तेव्हां त्याच्या बियांवर उंदीर माजले, आणि बीं संपतांच ते शेतांवर तुटून पडले. वेळूचें फूल ही केवळ कौतुकाची वस्तु नाहीं.

जपानांतून हा कुमाझासा युरोपांत कसा गेला ही हकीकत आपणां मराठी वाचकांस विशेष गोड वाटेल. लंडनमधील वीच ह्या प्रसिद्ध रोपवाटिकेनें चार्ल्स मारीज नांवाच्या तरुणास नवीन झाडें शोधण्यासाठीं सन १८७७ मध्यें पूर्वेकडे पाठविलें. जपान व चीन येथें फिरून त्यानें अनेक रोपें व बीजें मायदेशीं पाठविलीं. सन १८८० च्या सुमारास इंग्लंडांत पोंचलेला कुमाझासा हा त्यांपैकींच एक, आणि म्हणूनच त्याच्या शास्त्रीय नांवांत वीच हें नांव गोंवलेलें आहे. हाच मारीज पुढें हिंदुस्थानांत आला. प्रथम दरभंग्याच्या महाराजांच्या, व नंतर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांच्या बागांची व्यवस्था त्यानें पाहिली. आपल्या देशांतील आंब्यांचा त्यानें मोठा अभ्यास केला, आणि सन १९०२ मध्यें ग्वाल्हेर येथेंच त्याचा अंत झाला. जपानच्या सांवलींतला वेळू युरोपला देणारा हात शेवटीं एका मराठी संस्थानच्या मातींत राबत होता.

ह्या झाडाचा मोठा दोष आतां सांगितला पाहिजे. वेळूचें खरें घर जमिनीखालीं असतें. तेथें त्याचें एक आडवें खोड असतें; तें मूळ नव्हे. हळद किंवा आलें उपटून पाहिलें म्हणजे असें खोड दिसतें. आपल्या माणग्याचें किंवा कळकाचें भूमिगत खोड आंखूड व जाड असतें, म्हणून नवा कोंब जुन्याच्या शेजारींच निघतो व बेट एका जागीं राहतें. कुमाझासाचें तसें नाहीं. त्याचें भूमिगत खोड बारीक, लांब व धांवणारें आहे. तें हरळीप्रमाणें जमिनीखालून सरकत जातें आणि वाटेंत प्रत्येक पेऱ्यावरील डोळ्यांतून वर कोंब पाठवूं शकतें. वर पहावें तर दोन फुटांचें सालस झुडूप. खालीं पहावें तर चोहोंकडे निघालेली वरात!

ही गोष्ट आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होती, तरी आम्हीं ती मानली नाहीं. सुमारें वीस वर्षांपूर्वीं आम्ही एका डोंगरावरील शाळेंत शिकवीत होतों. एका स्नेह्यानें आम्हांस पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांचा एक ठेंगणा जपानी वेळू कुंडींतून आणून दिला. तोही कुमाझासासारखाच धांवणाऱ्या जातीचा होता. आम्हीं तो हौसेनें कुंपणाजवळच्या सांवलींत लावला. पहिल्या वर्षीं तो जागचा हालला नाहीं. दुसऱ्या वर्षीं थोडा पसरला, तेव्हां आम्हीं मुलांस बोलावून त्याचें कौतुक केलें. तिसऱ्या पावसाळ्यांत कुंपणापलीकडे राहणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या आल्याच्या वाफ्यांत त्याचे कोंब जागोजाग वर आले. सारीं मुलें त्या बाईंना आजी म्हणत. त्या लहानशा वाफ्यावरच त्यांचा वर्षाचा किरकोळ खर्च भागत असे.

आजी कुंपणाशीं येऊन म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या झाडाला कुंपण वाचतां येत नाहीं वाटतं!"

त्यांचा स्वर रागाचा नव्हता, म्हणूनच तें वाक्य आम्हांस अधिक लागलें. आम्ही व वरच्या वर्गांतील पांच-सहा मुलें मिळून लागोपाठ सहा शनिवार तो वाफा खणीत होतों. बोटाएवढा तुकडा मातींत राहिला तरी त्यास पुनः कोंब फुटे. खणतां खणतां कोंवळें आलें उपटलें गेलें आणि आजींचें त्या वर्षाचें पीक गेलें तें गेलेंच. आम्हीं नुकसानभरपाई देऊं केली. ती त्यांनीं घेतली नाहीं. त्या इतकेंच म्हणाल्या, "पैसे नकोत. कुंपणाशीं चर खणा, आणि दर वर्षीं येऊन पहा." आम्ही त्या शाळेंत होतों तोंपर्यंत दर पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर तो चर तपाशीत असूं. बदलीच्या वेळीं तें काम आम्हीं एका विद्यार्थ्याकडे सोंपवून निघालों.

ह्या अनुभवावरून लागवडीचे जे नियम आम्ही शिकलों ते आतां क्रमानें देतों.

जागा: उत्तरेकडील भिंतीची किंवा मोठ्या झाडाखालची, सकाळचें कोंवळें ऊन थोडें येईल अशी जागा उत्तम. दुपारचें ऊन नको. पाणी सांचून राहील अशी जागाही नको, कारण ओल ह्यास हवी असली तरी दलदलींत भूमिगत खोड कुजतें.

बांध: रोप लावण्यापूर्वीं, लावल्यानंतर नव्हे, सभोंवार दोन ते अडीच फूट खोल चर खणून त्यांत जाड व मजबूत प्लॅस्टिकची सलग पट्टी उभी करावी. तिचें वरचें टोंक जमिनीच्या वर दोन इंच राहूं द्यावें, म्हणजे वरून उडी घेणारा फुटवा डोळ्यांस दिसेल. पट्टी किंचित् बाहेरच्या बाजूस कलती ठेवावी. तीस आपटलेलें खोड मग खालीं न जातां वर वळतें. जेथें पट्टीचीं दोन टोंकें मिळतात तेथें तीं एकमेकांवर चांगलीं चढवून घट्ट आवळावीं, कारण चोर नेहमीं फटींतूनच शिरतो. पट्टी नसेल तर फूटभर खोलीचा उघडा चर ठेवून वर्षांतून दोनदां तो तपासावा व त्यांत डोकावणारीं खोडें कापून टाकावीं. हें भूमिगत खोड बहुधा वरच्या एक फूट मातींतच धांवतें, म्हणून एवढी खोली पुरते. मात्र तपासणी चुकतां कामा नये.

माती: पालापाचोळ्याचें खत मिसळलेली भुसभुशीत माती असावी. चिकण मातींत वाळू व खत मिसळून घ्यावें.

रोप: नुसतें खोड तोडून मातींत खोंचल्यानें कांहीं होत नाहीं. भूमिगत खोडाचा डोळे असलेला तुकडा, त्यावरील दोन-तीन सोटांसह व मातीच्या गोळ्यासह, कोंब फुटण्याच्या हंगामापूर्वीं वेगळा करून लावावा. मुळें वाळूं देऊं नयेत.

पाणी व खत: पहिलीं दोन वर्षें माती सतत ओलसर ठेवावी. गळलेलीं पानें झाडून फेंकूं नयेत. वेळूच्या पानांत सिलिका नांवाचें द्रव्य पुष्कळ असतें. तीं पानें जागीं कुजलीं म्हणजे तें पुनः झाडास मिळतें, ओल टिकते व तणही दबतें.

छाटणी: हिंवाळा संपतां संपतां, नवे कोंब येण्यापूर्वीं, जुनीं फाटकीं झुडपें जमिनीपासून दोन-तीन इंचांवर कापून टाकलीं तरी चालतें. वसंतांत नवीं, स्वच्छ पानें येतात. हें काम जोम धरलेल्या ताटव्यावरच करावें. नुकत्या लावलेल्या रोपावर करूं नये.

कुंडी: ज्यांच्याजवळ जागा थोडी, त्यांनीं रुंद तोंडाच्या कुंडींतच हा वेळू ठेवावा. दोन-तीन वर्षांत कुंडी खोडांनीं गच्च भरते. तेव्हां तो गड्डा बाहेर काढून, करवतीनें दोन-तीन भाग करून, एक भाग नव्या मातींत लावावा. उरलेले भाग उकिरड्यावर किंवा ओढ्याच्या कांठीं कदापि टाकूं नयेत. खडकावर कडकडीत वाळवून मगच त्यांचें खत करावें.

आमच्या पालकवर्गास एक सूचना करावीशी वाटते. कुमाझासा हा थंड व दमट हवेचा रहिवासी आहे. बर्फाखालीं दबूनही तो जगतो. देशावरील उन्हाळ्यांतील कोरडी झळ त्यास मानवत नाहीं. डोंगरावरील थंड हवेच्या ठिकाणीं प्रयोग करावयास हरकत नाहीं, पण पुण्या-नगरच्या अंगणांत पैसे घालून निराश होऊं नये. तसेंच बाजारांत कांचेच्या भांड्यांत 'भाग्याचा बांबू' म्हणून जें रोप विकतात, तें मुळीं वेळूच नव्हे. तें ड्रेसीना नांवाचें आफ्रिकेंतील एक निराळेंच झाड आहे. तें घरांत अवश्य ठेवावें, पण वेळू समजून नव्हे.

मग ज्याच्या प्रश्नावरून हा लेख निघाला त्या विद्यार्थ्यास आम्ही काय सांगावें? आपल्या शाळेमागील कोपऱ्यांत हळद व आलें लावावें, असें आम्ही त्यास सांगतों. पातळ सांवलींत तीं दोन्ही तग धरतात, भूमिगत खोड म्हणजे काय हें तीं खणून दाखवितां येतें, आणि शेजाऱ्याच्या वाफ्यांत तीं शिरत नाहींत. वेळूचा एखादा नमुना अभ्यासासाठीं हवाच असेल तर तो कुंडींत ठेवूं.

शेवटीं एका लहानशा वेळूची व एका मोठ्या माणसाची गोष्ट सांगून हा लेख संपवितों. तोमितारो माकिनो हा जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ सन १८६२ मध्यें जन्मला. प्राथमिक शाळाही त्यानें पुरी केली नव्हती. पण रानोमाळ हिंडून, पाहून, चित्रें काढून त्यानें एवढें ज्ञान मिळविलें कीं पुढें दीड हजारांहून अधिक वनस्पतींना त्यानें नांवें दिलीं. सासा हें कूळ शास्त्रांत स्वतंत्रपणें मांडलें गेलें तेंही त्याच्याच व शिबाता नांवाच्या शास्त्रज्ञाच्या हातून, सन १९०१ मध्यें. मिळकत तुटपुंजी, ग्रंथांचा खर्च मोठा, डोक्यावर कर्ज, आणि घरीं मुलाबाळांचें मोठें खटलें. हा सारा भार त्याची पत्नी सुएको हिनें उचलला. सावकार दाराशीं आला तरी नवरा आंत पानें निरखीत बसूं शकला तो तिच्यामुळें. सन १९२७ मध्यें माकिनोस डॉक्टर ही पदवी मिळाली. त्याच वर्षीं सेन्दाई येथें त्यास एक नवा ठेंगणा वेळू आढळला. पण सन १९२८ च्या आरंभीं सुएको वारली. त्यानें त्या वेळूस तिचें नांव दिलें, सुएकोझासा. पुढील शास्त्रज्ञांनीं त्या वेळूचें वर्गीकरण थोडें बदललें आहे, पण तिचें नांव कायम आहे. सन १९५७ मध्यें माकिनो वारला. तोक्यो शहरांत त्याच्या राहत्या घराच्या जागीं आज सार्वजनिक बाग आहे, आणि तेथें झाडांच्या छायेंत तो वेळू अजून वाढत आहे.

मोठ्या फुलझाडास किंवा उंच वृक्षास तिचें नांव देणें माकिनोस अशक्य नव्हतें. त्याच्या हातीं जें नवें आलें होतें तें ठेंगणें, विनाफुलाचें, सांवलींतलें झुडूप होतें. त्यानें तेंच दिलें. विद्यार्थिमित्रांनो, आपल्याही घरीं आपल्या अभ्यासासाठीं दिव्यापासून दूर, सांवलींत बसून राबणारें कोणीतरी असतें. ह्या सुटींत घरीं गेल्यावर अंगणांतील ऊन न लागणारा कोपरा शोधा, तेथें काय जगेल याचा विचार करा, आणि जें लावाल तें कुंपणाच्या आंत राहील याची काळजी घ्या.